नांव विचारणारा प्रभु

(वाचा: मार्क ५:१–२०)



गरसेकरांच्या देशांत थडग्यांमध्यें राहणाऱ्या त्या मनुष्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. लोकांनीं त्यास बेड्या व सांखळ्या घालून पाहिल्या. त्या तो तोडी, रात्रंदिवस ओरडे व धोंड्यांनीं आपलें अंग ठेंचून घेई. त्याच्याविषयीं सारे बोलत असतील. परंतु त्याच्याशीं कोणी बोलल्याचें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. प्रभूनें मात्र त्यास त्याचें नांव विचारिलें.

यावरून ज्यास ज्यास आवाज ऐकूं येतात तो तो भूतग्रस्तच, असें कोणीं समजूं नये. मत्तयानेंही (४:२४) रोगी व भूतग्रस्त यांचा वेगवेगळा उल्लेख केला आहे.

येथें आम्ही आपली एक चूक कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील मातेनें आम्हांस बोलाविलें. तिच्या तरुण मुलास, जवळ कोणी नसतां, शब्द ऐकूं येत. तो जेवीना, निजेना. आम्हीं त्याच्या मस्तकावर हात ठेवून मोठ्यानें प्रार्थना केली व निघालों. दारापाशीं तो हळूच म्हणाला, “पाळकसाहेब, तुम्ही देवाशीं बोललां, आईशीं बोललां, माझ्याशीं बोललां नाहीं.” आम्ही लज्जित होऊन परतलों व त्याजवळ बसलों. तेव्हां कळलें कीं, विहिरींत बुडून मेलेल्या धाकट्या भावाचा आवाज त्यास दोष देत असे. मग त्यास सरकारी दवाखान्यांत नेलें. औषधानें झोंप आली, आणि दुःख सांगावयास माणूस मिळालें. दोन्हींची गरज होती.

हा धडा विद्वानांसही उशिरां मिळाला. पुष्कळ काळ बहुतेक वैद्य आवाज येतो कीं नाहीं एवढेंच विचारीत व रोगाचें नांव लिहीत. आवाज काय म्हणतो, हें विचारणें व्यर्थ मानीत. हॉलंड देशांत पॅट्सी हागे या बाईनें आपले वैद्य मारिउस रोमे यांस सुनावलें कीं, न दिसणाऱ्या देवावर तुम्ही विश्वास ठेवितां, मग मला खरोखर ऐकूं येणाऱ्या आवाजांवर कां नाहीं? वैद्यानें तो प्रश्न मनावर घेतला. १९८७ सालीं ते दोघे दूरचित्रवाणीवर बोलले, तेव्हां आवाज ऐकणाऱ्या शेंकडों लोकांनीं त्यांस कळविलें. त्यांतील कित्येक कधीं वैद्याकडे गेलेच नव्हते.

पुढें टॅनिया लुरमन या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं कॅलिफोर्निया, घाना देशांतील आक्रा व आपल्या देशांतील चेन्नई येथें प्रत्येकीं २० रोग्यांशीं संभाषण केलें. तें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील पुष्कळांस क्रूर, परके आवाज ऐकूं येत. चेन्नईंत अर्ध्याहून अधिकांस आपल्याच नातलगांचे, घरकामाची आज्ञा करणारे. रोगाचें नांव एकच. परंतु प्रत्येकाचें दुःख त्याच्या घरादाराशीं जोडलेलें. तें विचारल्यावांचून कसें कळावें?

न विचारतां बांधून ठेवण्याचें फळ भयंकर आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें अशा रोग्यांच्या आश्रयस्थानास आग लागली. सांखळ्यांनीं बांधलेल्या त्या जीवांस पळतां आलें नाहीं. २८ जण मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनोरुग्णास सांखळी घालणें मना केलें आहे. पण थडग्यांतील त्या मनुष्याची कथा वाचणाऱ्या मंडळीस कायद्याची वाट पाहावी लागावी काय?

म्हणून उपदेशक बंधूंनो, अशा घरीं गेल्यावर प्रथम बसा. त्याचें नांव घेऊन त्यास विचारा, व उत्तर देईपर्यंत थांबा. त्याच्या आवाजास हंसूं नका, आणि तो देवाचाच किंवा सैतानाचाच, असा निवाडाही करूं नका. प्रार्थना करा, परंतु प्रार्थनेच्या नांवाखालीं वैद्याचें औषध बंद करूं नका. तो जिवावर उदार झाल्याचें दिसलें तर त्यास एकटें सोडूं नका. त्याच दिवशीं दवाखान्यांत न्या.

बरा झालेला तो मनुष्य प्रभूबरोबर जाऊं इच्छीत होता. प्रभूनें त्यास आपल्या घरीं, आपल्या माणसांकडे पाठविलें. तो परत येईल तेव्हां आपल्या मंडळींत त्यास बसावयास जागा असावी, अशी बुद्धि प्रभु आपणांस देवो. आमेन.