अंगावर काढलेला ताप



"तिने दुखणे अंगावर काढले," असे आपण कौतुकाने म्हणतो, विशेषतः घरातल्या आईबद्दल. आपले दुःख प्रभूला अर्पण करावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण जे दुखणे औषधाने बरे होऊ शकते, ते सोसत राहणे हा त्याग की निष्काळजीपणा?

पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिसचेच पाहा. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत त्याचे अनेक रुग्ण आढळले. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या साध्या जखमेवाटे हा जंतू शरीरात शिरतो. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे; सुरुवातीला सारे साध्या तापासारखेच वाटते. म्हणून ताप आला की, 'मी साचलेल्या पाण्यातून चालले होते', एवढे तरी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेवर सुरू केलेले प्रतिजैविक गुणकारी ठरते. डोळे पिवळे पडले, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे. घरी काढा पीत बसू नये.

'नोव्हेना संपू दे, मग जाते,' असेही कानावर येते. बेनसिराच्या ग्रंथाच्या 38व्या अध्यायात तर प्रार्थना आणि वैद्य शेजारीशेजारी आहेत. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याची जागा द्यावी, असे तिथे सांगितले आहे.

खरे तर पुष्कळदा अडचण श्रद्धेची नसतेच. खाडा झाला तर मजुरी बुडेल, घरी स्वयंपाक कोण करील, ही असते. मग प्रश्न एकट्या आजाऱ्याच्या विवेकबुद्धीचा राहत नाही. ती तापाने फणफणत भाकऱ्या थापत होती, तेव्हा आपण जेवायला बसलो होतो ना?