आंग तगडं पाहिजे भाऊ

कोरोना येऊन गेला, पण जाताना वऱ्हाडातल्या औषधाच्या दुकानांत एक शब्द मागे ठेवून गेला: इम्युनिटी. सरबतं, गोळ्या, काढ्याच्या पुड्या, लहान मुलांच्या दुधात घालायची पावडर, सगळं काही प्रतिकारशक्ती वाढवणारं. अकोल्यात काय नि अमरावतीत काय, काउंटरपलीकडून येणारा सल्ला ठरलेला: "आंग तगडं पाहिजे भाऊ, मंग जंतू काय करते?"

हे वाक्य पटकन पटतं, आणि खुपतं ते त्यामुळेच. जंतू मारणारा, शरीर वाचवणारं. मग वाचवणाऱ्याचं बळ जितकं जास्त तितकं बरं, असा हा सरळ हिशेब. कातडीचा अडसर, जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडं, लशीने दिलेली आगाऊ तालीम, हे सगळं शाळेत शिकून झालेलं असतं आणि त्यातलं काही खोटं नाही. तरी हा हिशेब चुकतो. कुठे, ते अमरावतीकरांना खरं तर घराजवळच दिसायला हवं होतं.

अमरावतीचं तपोवन दाजीसाहेब ऊर्फ डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभं केलं. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना गावाने आणि घरच्यांनीही बाहेर काढलं, त्यांना इथे छप्पर आणि काम मिळालं. त्या माणसांच्या वळलेल्या बोटांकडे बघून जो तो एकच म्हणायचा: जंतूंनी हात खाल्ला.

जंतूंनी हात खाल्लेला नसतो. कुष्ठरोगाचा जंतू कमालीचा आळशी आहे. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात, प्रयोगशाळेतल्या बशीत तो अजून कोणाला वाढवता आलेला नाही, आणि लागण झाल्यावर लक्षणं दिसायला कधी पाच तर कधी वीस वर्षं जातात. अंगातल्या थंड जागा त्याला आवडतात, म्हणून तो कातडीलगतच्या नसांमध्ये मुक्काम करतो. विष म्हणावं असं काही सोडत नाही. नस सुजते, चेपते आणि मरते ती मुख्यतः त्याला हुसकायला आलेल्या शरीराच्या फौजेमुळे. रानडुकराच्या मागे लागून शेतकऱ्यानेच आपली उभी तूर तुडवावी, तसा प्रकार. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि शेजारचं बोट वळतं. बधिर हाताला चूल भाजते ते कळत नाही, आणि उरलेली नासाडी जखमा करतात.

ज्याचा प्रतिकार जोरदार, त्याच्या अंगावर दोनचार बधिर चट्टे, जंतू शोधूनही सापडत नाही, पण नस मात्र लवकर जाते. ज्याचा प्रतिकार ढिम्म, त्याच्या अंगात अब्जावधी जंतू सुखाने नांदतात. कधी तर औषध सुरू झाल्यावर प्रतिकार अचानक खडबडून जागा होतो आणि चांगला चालता हात काही दिवसांत लुळा पडू लागतो. तेव्हा डॉक्टर जंतूंवरच्या गोळ्या चालू ठेवून वर स्टिरॉइड देतात, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत, इम्युनिटी खाली आणतात.

म्हणून जंतू वेगळा आणि रोग वेगळा, हे धरून ठेवलं पाहिजे. जंतू अंगात शिरला म्हणजे रोग झाला, असं नाही. हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टराला हा जंतू १८७३ मध्ये दिसला. तो रोग लावतो हे सिद्ध करायला १८७९ मध्ये त्याने एका बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. खटला झाला आणि रुग्णालयातलं पद गेलं. सत्तर वर्षांनी आपल्या वरोऱ्याच्या बाबा आमट्यांनी कलकत्त्याला कुष्ठरोगाचं शिक्षण घेताना जंतू टोचून घेतले ते स्वतःच्या अंगात. रोग काही झाला नाही. बहुतेक माणसं या जंतूला मुळातच दाद देत नाहीत, आणि त्यासाठी त्यांनी कुठलं सरबत घेतलेलं नसतं.

इम्युनिटी बूस्टर विकणारा म्हणेल, कुष्ठरोग हा अपवाद झाला, कोरोनाचं बोला. बोलू. २२ फेब्रुवारी २०२१ ला अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, उरलेला देश तेव्हा निर्धास्त होता. त्या दिवसांत अत्यवस्थ रुग्णांच्या फुप्फुसांची माती करण्यात विषाणूइतकाच भडकलेल्या प्रतिकाराचाही हात होता. व्हेंटिलेटरवरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी करणारं औषध ब्रिटनमधल्या चाचणीत जून २०२० मध्येच सापडलं होतं: डेक्सामेथासोन, एक जुनं, स्वस्त स्टिरॉइड. तेच स्टिरॉइड भरमसाट दिलं गेलं, रक्तातली साखर चढली, तिथे काळ्या बुरशीने माणसांचे डोळे आणि जबडे नेले. म्हणजे प्रतिकार फार झाला तरी मरण, दाबला तरी मरण.

इथवर आल्यावर वाटतं, प्रतिकारशक्ती वाढवण्याची भाषाच बंद करावी. पण क्षयरोग आडवा येतो.

क्षयाचे जंतू जगातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांत कधी ना कधी शिरलेले असावेत, असा अंदाज आहे. त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांनाच पुढे रोग होतो. कोणाला होतो, हे ठरवण्यात पोटाचा वाटा मोठा. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दर महिना माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २०२३ मध्ये निकाल छापून आला: त्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि थुंकी तपासून पक्का ठरलेला फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी.

म्हणजे आंग तगडं पाहिजे, हे दुकानदाराचं म्हणणं अर्धं मान्यच करावं लागतं. उपाशी शरीराचा प्रतिकार खचतो आणि खाऊ घातलं की सावरतो. पोट भरलेल्याने वरून बाटली रिचवली म्हणून मात्र त्यात भर पडत नाही. बूस्टर ज्यांना परवडतं त्यांना त्याची गरज नाही. आणि कुपोषणासाठी वर्षानुवर्षं बातम्यांत येणाऱ्या मेळघाटात ज्यांना गरज आहे, त्यांना हवी ती डाळ अकोल्याच्या डाळ मिलांमध्ये रोज भरडली जाते. सरकारच्या निक्षय मित्र योजनेत कोणालाही एखाद्या क्षयरुग्णाचा महिन्याचा शिधा उचलता येतो. ज्यांना इम्युनिटीवर पैसे घालायचेच आहेत, त्यांनी तिथे नाव नोंदवावं.