पाहुण्याच्या घरी सूर्यनमस्कार

आमच्या बालाघाट जिल्ह्यात प्रवासाला जाणं म्हणजे बहुधा सोयऱ्यांकडे जाणं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नाती मात्र पूर्वीसारखीच हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेली राहिली. वाराशिवनीची मुलगी तुमसरला दिलेली असते, लांजीची आमगावला, कटंगीच्या घरात भंडाऱ्याची सून असते. धान घरात आलं, तुळशीचं लग्न लागलं, की पिशव्या भरायला सुरुवात होते. साखरपुडा, लग्न, बारसं, तेरवी. मोठं दुखणं निघालं तर गोंदियाला गाडी बदलून नागपूरचं हॉस्पिटल. या येण्याजाण्यात वर्षातले किती दिवस दुसऱ्याच्या घरी जातात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण ज्यानं रोज पहाटे फिरण्याचा किंवा नमस्कारांचा नेम धरला आहे, त्याला तो आपोआप कळतो. घरी पावसाळाभर टिकलेला नेम एका लग्नात मोडतो.

असं झालं की आपण स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतो. मला हे निदान पटत नाही. घरी असताना तरी रोज पहाटे आपण मोठा निश्चय करून थोडेच उठतो? दाराशी बूट असतात, ओसरीवर सतरंजी असते, वैनगंगेच्या घाटाकडे जाणारा रस्ता पायांना पाठ असतो, वळणावर तेच चार चेहरे भेटतात आणि एक दिवस आपण दिसलो नाही तर दुसऱ्या दिवशी विचारतात. नेमाचं निम्मं ओझं या जागेनं आणि या माणसांनी उचललेलं असतं. परगावी हे सगळं एकदम नाहीसं होतं, आणि ते सगळं ओझं एकट्या मनावर पडतं.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला एक नवी कृती जोडायची, जसं न्याहारीनंतर अमुक करायचं, आणि ती कधी अंगवळणी पडते ते पाहायचं. मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातल्या दोन गोष्टी मला प्रवाशासाठी मोलाच्या वाटतात. एखादा खाडा पडला म्हणून सवय जुळण्याचं काम फारसं मागे गेलं नाही. आणि सवय चिकटली ती एखाद्या प्रसंगाला, आधी घडणाऱ्या दुसऱ्या कृतीला. तेव्हा प्रश्न असा होतो की परगावी आपल्यासोबत काय येतं? रस्ता येत नाही, ओसरी येत नाही. झोपेतून उठणं, तोंड धुणं, चहा घेणं, आंघोळ करणं हा क्रम मात्र येतो. तो गोंदियात असतो, नागपूरच्या हॉस्पिटलच्या आवारात असतो, मांडवाच्या घरीही असतो. नेम जागेला बांधला असेल तर तो जागेपाशीच राहतो. क्रमाला बांधला तर माणसाबरोबर निघतो.

याचा सर्वांत मोठा दाखला वर्धा जिल्ह्यातला आहे. विनोबांची प्रकृती मुळातच तोळामासा. १९३८ साली ती इतकी खालावली, की विश्रांतीसाठी ते पवनारला येऊन राहिले. तिथं त्यांनी शेतात खणायला सुरुवात केली, आधी अगदी थोडा वेळ, मग रोज थोडं थोडं वाढवत, आणि त्या खणण्यानं शरीर सावरलं. हाच माणूस १९५१ मध्ये वर्ध्याहून हैदराबादजवळच्या संमेलनाला पायी निघाला, १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला, आणि पदयात्रा संपवून पवनारला परतला तो १९६४ मध्ये. एवढी वर्षं रोज नवं गाव. पण पहाटे अंधारात उठणं, प्रार्थना, कंदिलाच्या उजेडात चालायला लागणं, ऊन चढायच्या आत पुढच्या मुक्कामी पोचणं, संध्याकाळची प्रार्थनासभा हा दिवसाचा साचा बदलला नाही. मुक्काम रोज हलत होता, म्हणून दिवस हलू दिला नाही. आपल्याला तेरा वर्षं चालायचं नाही, चार दिवस इवायांच्या घरी राहायचं आहे. तरी यातलं सूत्र आपल्या पिशवीत मावण्यासारखं आहे.

दुसरा दाखला औंधच्या राजघराण्याचा. भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार हे आयुष्याचं व्रत केलं, संस्थानातल्या शाळांमधून ते सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेत गेले. १९४८ मध्ये नैरोबी, पुढे गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम. विषुववृत्तापासून नॉर्वेच्या हिवाळ्यापर्यंतची ही भ्रमंती. आणि घराण्याच्या या व्यायामाबद्दल याही मुत्सद्द्यानं इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मला यात नवल वाटत नाही. आखाड्याची माती, मुद्गल, मल्लखांब यांतलं काहीच सामानात भरता येत नाही. नमस्काराला लागते ती एका अंथरुणाएवढी जमीन. प्रवासी माणसाच्या हाती आपल्या पूर्वजांनी दिलेला याहून सोयीचा व्यायाम मला माहीत नाही. त्याच्या जोडीला थोड्या बैठका घातल्या, की खांदे, पाठ, मांड्या, श्वास सगळ्यांची विचारपूस झाली.

जागा मिळते, वेळही मिळतो. खरी अडचण असते ती लाजेची, आणि ती मी फार जवळून पाहिली आहे. लग्नघर आहे. समोरच्या खोलीत गाद्यांना गाद्या लागलेल्या, कोणाचे पाय कोणाच्या उशाशी. पहाटे पाचला जाग आलेला माणूस पांघरुणात तसाच पडून राहतो, कारण उठून नमस्कार घालायला लागलो तर लोक काय म्हणतील? पाहुणा म्हणून आलाय की पहिलवान म्हणून? तो हळूच गच्चीवर गेला, तर पाण्याच्या टाकीपाशी उभी असलेली घरची वहिनी म्हणते, “अहो भाऊजी, आज तरी राहू द्या ना! घरी रोजचंच आहे.” तिचं बोलणं मायेचं असतं. आपल्या घरी आलेल्या माणसाला कष्ट पडू नयेत, ही तिची भावना. आणि त्या मायेपुढे भला माणूस विरघळतो, खाली येतो, चहा घेतो. दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर जातच नाही.

मला वाटतं, या मायेला नकार द्यायची गरज नाही, तिला काम द्यावं. “वहिनी, तुम्ही चहा टाका, दहा मिनिटांत खाली येतो.” एवढं हसून म्हटलं की झालं. आदल्या रात्रीच घरच्या कर्त्याला विचारून ठेवावं, “दादा, सकाळी गच्चीचं दार उघडं असतं का?” विचारलं की ती चोरटी गोष्ट राहत नाही, घराला माहीत असलेली गोष्ट होते. आणि घराला माहीत झालं, की घरच आठवण करून देतं. दुसऱ्या दिवशी घरातली दोन-चार मुलं गच्चीवर हजर असतात, त्यांना मोजायला बसवावं. मुलं आकडे चुकू देत नाहीत. आपल्या गावच्या वळणावर भेटणाऱ्या त्या चार चेहऱ्यांचं काम इथं ती मुलं करतात.

बायकांची गोष्ट याहून अवघड आहे, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पुरुष गच्चीवर गेला तर कौतुक होतं. सून किंवा नणंद गेली तर “इकडे पोह्यांचा कांदा चिरायचा पडलाय” असं ऐकावं लागतं. दिवसभर उभं राहून, वाकून, उचलून झालेल्या कामाला व्यायाम म्हणून तिची समजूत घातली जाते. पण त्या कामानं पाठ धरते, आणि नमस्कारानं ती सुटते, हा फरक ज्या बाईनं अनुभवला आहे तिला सांगावा लागत नाही. यावर मला दिसलेला एकच चांगला उपाय म्हणजे दोघींनी मिळून जाणं. एकटीला टोकलं जातं. जावा-जावा किंवा नणंद-भावजय सकाळी अर्धा तास शेताकडे फिरून आल्या, तर कोणी काही म्हणत नाही. आणि घरातल्या पुरुषांनी तेवढा अर्धा तास कांदा चिरावा. लग्नघरी हे सहज जमतं, सांगणारा कोणीतरी लागतो.

वाटेतल्या वेळाचंही थोडं. नॅरोगेजच्या काळात आमच्याकडून निघालेला माणूस गाडीत आणि स्टेशनांवर अर्धा दिवस काढायचा. आता ब्रॉडगेज झाली, तरी बसून राहण्याचे तास काही संपले नाहीत. पोटऱ्यांचे स्नायू आवळले गेले की पायांतलं रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास पाय लोंबते आणि निश्चल राहिले की ते साचतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या पाहणीत असं दिसलं, की सलग चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केला तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो धोका लहान, सुमारे सहा हजारांत एकाला, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. बसल्या जागी टाचा उचलाव्यात, पावलं वर-खाली करावीत. गोंदियाला पुढच्या गाडीला वेळ असेल तर सामान सोबत्याजवळ ठेवून फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझप फेऱ्या माराव्यात. लांबच लांब सपाट फलाट, वर सावली, कोणी कोणाकडे पाहत नाही; मला तरी फिरायला ही जागा आवडते.

उलट दिशेनं, महाराष्ट्रातून आमच्याकडे येणारे पाहुणे गोंदिया, बालाघाट, बैहर करत कान्हाच्या मुक्की फाटकाला पोचतात. तिथली अडचण वेगळी. जानेवारीच्या कडाक्यात, गवतावर दहिवर गोठलेलं असताना, अंधारात उठून जिप्सीत बसायचं आणि काही तास अंग आखडून बसायचं, कारण जंगलात गाडीतून उतरता येत नाही. बाहेर पायी भटकायचं म्हटलं तर वाघ-बिबट्यांचा मुलूख. सकाळी फिरायला जाणारा नागपूरकर इथं हमखास अडतो. त्यानं खोलीतल्या खोलीत, निघण्याआधी थोडे नमस्कार घालावेत. थंडी पळते, आणि गाडीत बसल्यावर गुडघे कुरकुरत नाहीत.

आता प्रमाणाचं. घरी जेवढं करतो तेवढंच परगावी झालं पाहिजे, हा हट्ट नेमाचा घात करतो. तेवढं जमत नाही म्हणून माणूस काहीच करत नाही. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकानं १९८१ मध्ये दाखवलं, की आठवड्यातले सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम करून दमसास वाढवलेल्या माणसांनी पुढे तो चार किंवा अगदी दोनच दिवसांवर आणला, तरी १५ आठवडे दमसास टिकून राहिला. अट एकच, जेवढा वेळ करायचा तेवढा पूर्वीच्याच कसानं करायचा. त्याच्या पुढच्या प्रयोगांत वेळ कमी केला तरी बहुतेक भागलं, कस कमी केला तेव्हा मात्र घसरण झाली. याचा अर्थ आपल्यापुरता असा, की लग्नाच्या धावपळीत पाऊण तासाचे नमस्कार दहा मिनिटांवर आणायला मुळीच हरकत नाही. मात्र ती दहा मिनिटं श्वास लागेल अशी असावीत. आजारी माणसाच्या सोबतीला गेलेल्यानं हे विशेष लक्षात ठेवावं. रात्रभर बाकावर बसून काढणाऱ्याचं शरीर चार दिवसांत पार मोडतं, आणि रुग्णाला त्याची गरज तर पुढेच जास्त लागणार असते. हॉस्पिटलच्या जिन्यानं चार मजले दोनदा चढणं हासुद्धा त्या दिवसाचा पुरेसा व्यायाम आहे. ज्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, त्या दिवशी मात्र झोपच घ्यावी आणि खाडा मान्य करावा.

नेम खरा मोडतो तो घरी परतल्यावर, असं माझं निरीक्षण आहे. रात्री उशिराची गाडी, अंगात कणकण, सामान तसंच पडलेलं, आणि मनात “सोमवारपासून”. तो सोमवार पुढे सरकत जातो. म्हणून पोचल्यानंतरची पहिली सकाळ सोडू नये. झोप पुरती होऊ द्यावी, उशीर झाला तर होऊ द्यावा, पण तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी, परगावी जेवढं केलं तेवढं तरी करावं. पूर्वीचं प्रमाण आठवडाभरात हळूहळू येतं. पिशवी दुपारी उपसली तरी चालते.