गवा बिथरतो तेव्हा

2021च्या डिसेंबरात पंचगंगेकाठी गवा आला, तेव्हा कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता: बिथरलाय. त्याच दिवसांत गव्याच्या हल्ल्यात शहराजवळ एका तरुणाचा जीव गेला. हे दुःख लहान नाही. तरीही 'बिथरला' या शब्दात आपण जो राग भरतो, तो मला खुपतो. राधानगरी-दाजीपूरच्या रानातला हा प्राणी मुळात बुजरा. माणसाचा वास आला तरी कळप झाडीत शिरतो.

त्याच्या मेंदूत खोलवर, तुमच्या-माझ्या मेंदूतही आहे तसा, अमिग्डाला नावाचा भाग असतो. धोक्याची चाहूल लागताच त्याचा इशारा हायपोथॅलॅमसला जातो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, काळीज धडधडू लागतं, पोटाकडचं रक्त पायांकडे वळतं. मागोमाग कॉर्टिसॉल येतं. रानात वाघ मागे लागला, तर काही क्षणांत काय तो निकाल लागतो. गवा वाचला, की हा पूर ओसरतो आणि तो पुन्हा चरू लागतो. शहरातल्या गल्लीत मात्र भिंतीपलीकडेही माणसंच, आणि पूर ओसरायला जागाच नाही.

याला 'भीती' म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. जोसेफ लडू म्हणतात, शरीराची ही प्रतिक्रिया वेगळी आणि जाणवलेली भीती वेगळी. याक पांकसेप मात्र प्राण्यांनाही भावना जाणवतात, असं ठामपणे मांडत राहिले. मी पांकसेपांच्या बाजूचा. ज्या रसायनांनी माझ्या हातांना कंप सुटतो, तीच गव्याच्या अंगात उसळत असताना त्याला आत काहीच होत नसेल, हे मला पटत नाही.

9 डिसेंबर 2020 रोजी पुण्यात कोथरूडला आलेल्या गव्यामागे गर्दी तासन्‌तास धावली. भूल देऊन पकडल्यावर तो मेला. जिवाच्या आकांताने पळताना स्नायू फाटतात, त्यांतली प्रथिनं रक्तात मिसळून मूत्रपिंडं निकामी करू शकतात. बिथरलेल्या जनावरावर भुलीचं औषधही नीट चढत नाही, कारण अंगातलं ॲड्रेनलिन त्याला पुरून उरतं.

त्याच महिन्यात बावधनला दुसरा गवा आला. या वेळी गर्दीला लांब ठेवलं, वाट मोकळी सोडली. तो रानात निघून गेला.