कपाटातला साबण

आत्याचं तेरावं झालं आणि तिचं कपाट आवरायला मी बसलो. फिकट रंगांच्या सुती साड्या, काठाला काठ जुळवून ठेवलेल्या. तिसरी साडी उचलली, तर घडीतून साबणाची वडी निघाली. खोकं पिवळं पडलेलं. पुढच्या साडीत आणखी एक. अशा सात वड्या निघाल्या. सगळ्या मीच दिलेल्या.

कामानिमित्त बंगळूरला जाणं व्हायचं, तेव्हा तिच्यासाठी म्हैसूरचा चंदनाचा साबण आणायचो. ती खोकं नाकाशी धरायची, डोळे मिटून घ्यायची. मग म्हणायची, "छान आहे रे. पण मला कशाला?" आणि साबण कपाटात जायचा. मोरीतल्या कोनाड्यात तिचा तो लाल साबणाचा तुकडा शेवटपर्यंत होता.

एक वडी उघडून पाहिली. वर बारीक भेगा पडल्या होत्या. नाकाशी धरली, तर वास अगदी पुसट.

वास येतो, याचा अर्थच असा की त्या वस्तूचे कण सुटून हवेत निघालेत. दरवळणं आणि सरत जाणं ही एकच क्रिया आहे. वापरा नाहीतर जपून ठेवा, सुगंध उडतोच. आत्याच्या कपाटात तो इतकी वर्षं उडतच होता. साड्यांना लागला, तिच्या अंगाला तेवढा लागला नाही.

या साबणाचा जन्मही साठून राहिलेल्या चंदनातूनच झाला. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानाची चंदनाची निर्यात अडली आणि लाकडाचे ढीग पडून राहिले. तेव्हा महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात, 1916 साली, चंदनाचं तेल काढण्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. दोनच वर्षांनी त्या तेलाचा साबण निघाला. देवाच्या सहाणेवरचं आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातलं चंदन सामान्य माणसाच्या न्हाणीघरात आलं. पडून राहिलेल्या ढिगातून रोजच्या अंघोळीला आलेली ही वस्तू आपण पुन्हा कपाटात कोंडून ठेवतो.

उटण्याचंही तसंच. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, चंदन, गुलाबाच्या पाकळ्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल चोळून घेतल्यावर ते ओलं उटणं अंगावर फिरतं, तेव्हा आपल्याला शरीर आहे आणि त्याचेही काही लाड असतात, हे वर्षातून एकदा आठवतं. दुसऱ्या दिवशी पुडीतलं उरलेलं उटणं फडताळाच्या कोपऱ्यात जातं आणि पुढच्या दिवाळीला बाहेर काढून टाकून दिलं जातं.

एवढ्याशा सुखाची आपल्याला भीती का वाटते? साधी राहणी म्हणजे स्वतःच्या देहाकडे पाठ फिरवणं, असं आपण कधीतरी धरून चाललो. आपल्या परंपरेला मात्र ते मान्य नव्हतं. वाग्भटांनी 'अष्टांगहृदया'च्या दिनचर्येच्या अध्यायात अंगाला रोज तेल लावायला सांगितलं आहे, सणापुरतं नव्हे. त्याच अध्यायात माणसाने कसं वागावं हे सांगताना खरं आणि मोजकं बोलण्याच्या जोडीला ते स्नानाची सवय आणि सुगंधी असणंही सांगतात. वेष नीटनेटका असावा, भडक नसावा, हेही सांगतात. सुगंधाची जागा त्यांनी सदाचारात ठेवली, याचा मी पुष्कळ विचार केला. स्वतःच्या शरीराशी जो मायेने वागतो, त्याच्या हाताला दुसऱ्याशी तसं वागण्याची सवय लागते, असं मला वाटतं.

मग आत्या 'मला कशाला' असं का म्हणायची? याचं उत्तर मला आमच्या जुन्या घरातल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात सापडलं. आई दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीच्या हाताच्या पाठीवर अत्तराची काडी फिरवायची, चांदीच्या गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायची. बायका हात नाकाशी नेत हसत आत यायच्या. आत्या तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर बसून तिळाच्या वड्या पाडत असायची. अठ्ठाविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला होता. गजरा गेला, अत्तर गेलं. तिच्यासमोर काडी धरावी, हे घरात कुणालाच सुचलं नाही. अत्तराची कुपी इकडून तिकडे नेणाऱ्या मलाही सुचलं नाही.

'मला कशाला' हे तिचे शब्द नव्हतेच. आधी जग म्हणालं, 'तिला कशाला?' ती ते ऐकत राहिली आणि एक दिवस तेच स्वतःविषयी म्हणू लागली. त्याला आम्ही तिचा साधेपणा म्हणत आलो.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "बरं झालं बाई." आणि भाजी निवडत राहिली.

'तिला कशाला' अजून संपलेलं नाही. दिवाळीला घरकामाच्या ताईंना द्यायचा साबण आपण दुकानात वेगळा मागतो, स्वस्तातला. त्यांची कातडी वेगळी असते का? दिवसभर दुसऱ्यांची भांडी घासून, साबणाच्या पाण्यात हात भिजवून घरी गेलेल्या बाईला चांगल्या वासाच्या अंघोळीचा हक्क आपल्याआधी आहे. कष्टाच्या घामाला नाक मुरडणारा माणूस कितीही उंची अत्तर लावो, सुगंध म्हणजे काय हे त्याला कळलेलं नाही.

सुखाला मापही हवंच. एकच वास सतत येत राहिला, की थोड्याच वेळात नाकाला तो जाणवेनासा होतो. म्हणून माणसं पुन्हा फवारतात आणि लोकलच्या डब्यात शेजारच्याचा जीव घुसमटतो. दम्याचा त्रास असेल तर हाल होतात. आपला वास जवळ येणाऱ्यालाच कळावा, लांबच्याला त्याची बातमी लागू नये.

त्या सात वड्यांपैकी तीन आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना दिल्या, जुन्या आहेत असं सांगून, आणि त्यांच्याबरोबर तीन नव्या. तीन घरात ठेवल्या. भेगा पडलेली सातवी मी एका मंगळवारी अंघोळीला घेतली. सण नव्हता, पाहुणे नव्हते. पहिल्या दिवशी फेसाला नावापुरता वास होता. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. चौथ्या दिवशी वरचा सुकलेला थर झिजला आणि आतून चंदन आलं, पूर्वीसारखं, दाट. न्हाणीघर भरून गेलं.

ओला हात नाकाशी धरून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. एवढं सगळं आत शिल्लक होतं. तिने एकदा पाणी लावायचा अवकाश होता, आणि आमच्यापैकी कुणीतरी तिला म्हणायचा, "तुलाच."