भोगवटादार

वडील वारले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दोन कागद एकावर एक ठेवलेले सापडले. एक जुना, कडा वाळवीनं खाल्लेला. त्यावर त्यांच्या नावापुढं ‘भूमिस्वामी’. दुसरा नंतरचा, सातबाऱ्याचा उतारा. त्यावर त्याच नावापुढं ‘भोगवटादार’. जमीन तीच, माणूस तोच. मी तेव्हा तलाठ्याच्या नोकरीत होतो, त्यामुळं मला नवल वाटायचं कारण नव्हतं. विदर्भ मध्य प्रदेशात असताना १९५४ च्या महसूल संहितेनं शेतकऱ्याला भूमिस्वामी म्हटलं होतं. पुढं महाराष्ट्राची १९६६ ची संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि तो भोगवटादार झाला. वडिलांच्या वहिवाटीत तसूभर फरक पडला नाही. पण मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, ओसरीखाली उभं राहून वाढलेल्या माणसाला तो शब्द लागला. १९५१ साली मालगुजारी गेली होती, मागोमाग हे स्वामीपद आलं होतं. ते म्हणायचे, “झालो होतो ना बाप्पा स्वामी. बारा वर्षांत उतरवलं.”

मी हसायचो. ‘जमीन माझी’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला तेव्हा पडलेला नव्हता. तलाठ्याला तो पडून चालत नाही.

आमचं गाव वैनगंगेच्या पूर्वेला, धानाच्या मुलखात आहे. नाव सांगत नाही, कारण पुढं घरचं भांडण सांगायचं आहे. दीडेकशे घरं. कुणबी, गोंड, ढिवर, बौद्ध. गावाच्या वरच्या अंगाला मालगुजारी तलाव, त्याच्या पाळीखाली उतरत गेलेल्या बांध्या. कडुनिंबाखाली मातामाय, तिला देऊळ नाही, शेंदूर लावलेले दगड आहेत. चौकात मारुती, पलीकडं विहार. जुलैत पऱ्हे उपटून रोवणा सुरू झाला की गावात म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरतात. बाकी सगळं गाव पोटरीभर चिखलात, वाकलेलं. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येतं, आणि मग थंडीभर झाडीपट्टीची नाटकं.

या तलावात ढिवर मासे धरतात, बाया धुणं धुतात, गुरं बसतात, बांध्यांना पाणी जातं. पाणी वरच्या बांधीत भरलं की धुऱ्याला, म्हणजे मधल्या बांधाला, पाडलेल्या तोंडातून खालच्या बांधीत उतरतं, तिथून त्याच्या खालच्या. वरच्यानं तोंड बांधून घेतलं तर खालच्याचं धान वाळतं, पण फार दिवस बांधून ठेवलं तर वरच्याचाच धुरा फुटतो. तलाव कोणाचा, असं गावात विचारलं तर प्रत्येक जण ‘आमचा’ म्हणेल आणि त्यात कोणी खोटं बोलत नसेल. माझ्या दप्तरात मात्र एकच शब्द : सरकार.

दप्तराची एक रीत सांगतो, सातबारा संगणकावर येण्याआधीची. खातेदार मेला की त्याचं नाव खोडायचं नाही. त्याला कंस करायचा. खाली वारसांची नावं लिहायची आणि फेरफाराचा नंबर टाकून त्याला गोल करायचा. वारसानं तीन महिन्यांत वर्दी द्यावी, असं कायदा सांगतो. काही उताऱ्यांवर एकाखाली एक चार-चार कंस असत : पणजा, आजा, बाप, थोरला भाऊ. हा बांध माझा म्हणून यातल्या प्रत्येकानं कोणाशी तरी वैर धरलेलं असे. मी बोरू ते बॉलपेन असे कंस काढत आलो. स्मशानात जे वैराग्य घडीभर येतं म्हणतात ते मला कचेरीत बसून येत असे, आणि चहा आला की जात असे.

आता घरचं. वडिलांच्या माघारी आम्हा दोघा भावांत वाटणी झाली. मधल्या धुऱ्यावर मोहाचं एक झाड होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. मोहफूल रात्री गळायला लागतं ते सकाळपर्यंत. चैत्रात माय पहाटे अंधारात उठून टोपली घेऊन जायची. आदल्या दिवशी झाडाखालचा पालापाचोळा झाडून, जाळून जागा साफ केलेली असे, म्हणजे फूल दिसतं. वाकून एकेक वेचायचं. ओलं फूल हाताला गिळगिळीत लागतं, आणि त्याचा वास दिवसभर बोटांवरून जात नाही. अंगणात सारवलेल्या जमिनीवर ती ते वाळत घालायची. वाटणीनंतरही ती धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी वेचायची आणि दोन्ही घरांत सारखं द्यायची. तिला धुरा ठाऊक होता, पण तो तिच्या लेखी पायवाट होती.

माय गेली आणि तिसऱ्या वर्षी मोठे भाऊ म्हणाले, “झाड माझ्या बाजूनं हाय.” मी म्हणालो, माझ्या बाजूनं आहे. धुरा कोण कोरतो यावरून बोलाचाली झाली. एक दिवस ते म्हणाले, “तू तलाठी हायेस गा, तुले लिहिता येते. पण मले नांगरता येते.” यावर मी काय करावं? मोजणीचा अर्ज केला. फी भरली. मोजणीदार आले, खुणा रोवल्या. बुंधा दीड हातानं माझ्या बाजूला निघाला. फांद्या निम्म्याहून जास्त भावाच्या बांधीवर. म्हणजे झाड कागदानं माझं आणि फुलं वाऱ्यानं त्यांची. मोजणीची ‘क’ प्रत मी घरी आणली, पेटीत ठेवली. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या खात्यावरचा कंस माझ्या जागी आलेल्या तलाठ्यानं काढला. मी २०१३ मध्ये निवृत्त झालो होतो.

निवृत्तीत वेळ असतो. विनोबांची ‘ईशावास्यवृत्ती’ वाचायला घेतली. गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबांनी ईशोपनिषदावर लिहिलेलं ते मराठी विवरण. त्या उपनिषदाच्या पहिल्याच मंत्रावर गांधीजींचा एवढा भरवसा, की बाकीचे सगळे धर्मग्रंथ जळून गेले आणि हा एक मंत्र उरला तरी पुरे, असं ते म्हणत. मंत्राचा आशय साधा आहे. जगात जे काही आहे त्यात ईश्वराचा वास आहे. म्हणून सोडून दे आणि मग भोग. कोणाच्या धनाची वासना धरू नकोस. वाचता वाचता मी थबकलो. मंत्रातलं ‘भोग’ हे क्रियापद भुज् धातूचं. आमचा ‘भोगवटादार’ त्याच धातूचा. महसूल खात्यात कोणी उपनिषद वाचून शब्द ठरवला असेल असं मला वाटत नाही. पण वडिलांना जी पदावनती वाटली, ती ऋषीच्या हिशेबानं दुरुस्ती होती. स्वामी कोणीच नाही. आहेत ते भोगवटादार, आणि तेही कंस पडेपर्यंत.

आमच्या गावच्या गोंडांना हे उपनिषदात शोधावं लागलेलं नाही. नवं धान असो, आंबा असो, मोह असो, भुमक, म्हणजे त्यांचा पुजारी, गावदेवाला वाहत नाही तोवर तोंडात घालायचं नाही. मी याला इतकी वर्षं ‘प्रथा’ म्हणत आलो. खरं म्हणजे ती परवानगी आहे. ज्याची वस्तू त्याला विचारून खाणं.

इथवर प्रवचन छान जमतं. पण मी तलाठी होतो, कीर्तनकार नव्हे. ‘तुझं काहीच नाही’ हे वाक्य कोण कोणाला म्हणतो, हे मी जवळून पाहिलंय. नवऱ्याच्या माघारी दिरांनी वारस नोंदीतून वगळलेली बाई माझ्यासमोर उभी राहिली, तिला मी ईशावास्य सांगायचं होतं? तिला रकान्यात नाव हवं होतं, आणि तेच बरोबर होतं. नव्वदच्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत काही शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावे केला. उतारा हातात आल्यावर त्या बायकांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, त्याला हाव म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात कसत आलेल्या आणि कागद नाही म्हणून अतिक्रमणदार ठरलेल्या माणसाचंही तेच. ज्याच्याकडं काही नाही त्याला त्याग शिकवणं हा धर्म नाही. ती पोट भरलेल्यांची लबाडी आहे.

मग मंत्र खोटा की रकाना खोटा? या गाठीशी मी बरेच दिवस अडून होतो. ती सोडवली शेजारच्या एका गावानं, आणि तेही मी ज्या वर्षी निवृत्त झालो त्याच वर्षी. मला उलगडा व्हायला मात्र आणखी काही वर्षं गेली.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यानं तीसेक किलोमीटर गेलं की मेंढा लागतं. शेजारच्या लेख्याशी जोडून सगळे ‘मेंढा-लेखा’ म्हणतात. शंभरएक घरांचं गोंडांचं गाव, धानाची शेती, कठाणी नदी, भोवती जंगल. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य, ही त्यांची घोषणा साऱ्या देशात गेली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली आहेत. तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसावं लागतं. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात अशी मान्यता मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आहे. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. आणि २०१३ मध्ये याच गावानं महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली ग्रामदान केलं. आपापल्या शेतीची मालकी लोकांनी ग्रामसभेकडं दिली.

चहाच्या टपरीवर मी ही बातमी ऐकली तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं, “येडे झाले काय?” १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत विनोबांना पहिलं भूदान मिळालं, ते ठीक. तो काळच वेगळा होता. पण सातबाऱ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात त्या काळात मिळालेलं नाव कोणी परत देतं?

नंतर कायदा काढून नीट वाचला. सवय. ग्रामदानात जमीन कसणारा तोच राहतो. पीक त्याचंच. त्याच्यामागं मुलं कसतात. विसावा हिस्सा भूमिहीनासाठी निघतो. मग जातं काय? कागदावरची मालकी ग्रामसभेकडं जाते, आणि तिच्याबरोबर गावाबाहेरच्याला विकण्याचा अधिकार. एवढंच. त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. मालकीत तीन गोष्टी एकत्र वळलेल्या असतात : भोगणं, विकणं आणि दुसऱ्याला अडवणं. आपण भांडताना भोगण्याचं नाव घेतो, ‘माझ्या लेकरांच्या पोटाचा प्रश्न आहे’ म्हणतो. भांडत असतो ते मात्र उरलेल्या दोन गोष्टींसाठी. मंत्र भोगायला मना करतच नाही. उलट भोग म्हणतो. सोडायला सांगतो ते त्याला चिकटलेलं ‘दुसऱ्याचं नाही’ हे शेपूट.

आणि क्रमही पाहा. मेंढ्यानं आधी २००९ साली जंगलावरचा हक्क मिळवला, लढून, कागदावर, शिक्क्यासकट. शेतीवरची मालकी सोडली ती त्यानंतर चार वर्षांनी. सोडायला आधी हातात असावं लागतं. त्या विधवेला रकान्यात नाव मिळालं पाहिजे आणि मला माझ्या नावावरची मूठ सैल करता आली पाहिजे. दोन्ही वाक्यं एकाच धर्माची आहेत. फक्त पहिलं तिच्याबद्दल मी म्हणायचं आणि दुसरं माझ्याबद्दल मीच. ते उलटं झालं की लबाडी सुरू होते. शंकराचार्यांनी दानाचा अर्थ नीट वाटून घेणं असा लावला आहे आणि विनोबा तोच हवाला देत गावोगाव फिरले. त्यात देणारा वर आणि घेणारा खाली, असं काही उरत नाही. माय दोन घरांत सारखी फुलं द्यायची तेव्हा ती दान करत होती असं तिला कोणी म्हटलं असतं, तर तिला ते कळलंही नसतं.

गेल्या चैत्रात पहाटे मी शेताकडं गेलो. पुतण्याची बायको झाडाखाली वाकलेली होती, टोपली अर्धी भरलेली, माझ्या बाजूला. मला पाहून ती ताठ झाली. म्हणाली, “काकाजी, वाऱ्यानं इकडं पडले जी. ठेवू का?” एवढ्या वर्षांत एवढाच प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही कोणाला विचारला नव्हता. मी म्हणालो, “वेच. तिकडंही बरेच पडले हायेत.” मग मीही वाकलो. गुडघे साथ देत नाहीत. वीस-पंचवीस फुलं झाली असतील. ती तिच्याच टोपलीत टाकली.

यात मी काही मोठं केलं असं कोणी समजू नये. एका गावानं सगळ्या शेतीची मालकी सोडली, आणि मी टोपलीभर फुलांवर अडलेलो होतो. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, भोगवटादार वर्ग १. मोजणीची ‘क’ प्रतही पेटीत आहे, वडिलांच्या त्या दोन कागदांच्या खाली. ती मी अजून फाडलेली नाही.