कर आणि ऋण

घरपट्टीचे बिल घरात आले की आमच्या ओटीवर एक जुना वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. माझे एक स्नेही वकील आहेत. हिशेबाला चोख आणि बोलण्याला रोखठोक. त्यांचे म्हणणे असे की, कर म्हणजे कायद्याच्या बळावर केलेली वसुली. ती टळत नाही म्हणून द्यावयाची, तीत गोडवा शोधण्याचे कारण नाही. "अहो प्रोफेसर, तुम्ही कराला समाजऋण वगैरे नावे देता," ते परवा म्हणाले, "पण या बिलात शिक्षण कर आहे, त्याचा तुम्हांला उपयोग काय? तुमच्या घरात शाळेत जाणारे मूल आता आहे कोठे?" मला तत्काळ उत्तर सुचले नाही. परंतु प्रश्न मनातून जाईना. आणि तो केवळ आम्हां दोघांचा नसल्यामुळे येथे मांडीत आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कर हे ओझे आहे, यात संशय नाही. आपल्या जुन्या ग्रंथकारांनाही हे ठाऊक होते. राजाने भुंग्याप्रमाणे थोडे थोडे घ्यावे, असे मनूने सांगितले आहे. कालिदासाने रघुवंशात दिलीपाच्या करवसुलीला सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य जल शोषतो ते अनेक पटींनी परत देण्यासाठी. उपमा सुंदर खरीच, आणि आम्हां कोकणवासीयांना तर तिचा प्रत्यय दरसाल येतो. तथापि तिच्यातील एक बारकावा सहसा कोणी ध्यानात घेत नाही. सूर्य पाणी घेतो ते मुख्यतः समुद्रातून, जेथे ते अपार आहे. त्याने सारे पाणी गरिबाच्या विहिरीतूनच शोषले असते, तर त्या न्यायाला कोणत्याही कवीने वाखाणले नसते. तात्पर्य, कर भार की हित हा प्रश्न केवळ 'किती घेतला' या मापाने सुटत नाही. कोणाकडून घेतला, कोणाच्या संमतीने घेतला आणि कशासाठी घेतला, ही मापेही लावावी लागतात.

हा धडा आमच्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. खोतीच्या काळात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे. सरकारी सारा भरण्याची जबाबदारी त्याची. कुळाकडून मात्र तो कित्येक ठिकाणी भाताच्या पिकाचा अर्धा वाटा घेई, आणि वर वेठही घेई. आपल्या घामाच्या धान्यातून सरकारात किती गेले आणि खोताच्या कणगीत किती राहिले, हे विचारण्याची कुळाची प्राज्ञा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले; पुढे १९४९ च्या कायद्याने ती पद्धत मोडली. अशा वसुलीला समाजऋण म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय.

मिठाच्या कराची कथा याहून वेगळी नाही. याच जिल्ह्यातील कोतळूक गावी १८६६ साली जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. तिजोरीत शिल्लक उरत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण मानली जात होती. गोखल्यांनी दाखवून दिले की, ही शिल्लक लोकांच्या सुबत्तेची नसून गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या कराची आहे. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ पासून तो उतरत उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला. कर मात्र राहिलाच. मे १९३० मध्ये शिरोड्यास, जे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते व आज सिंधुदुर्गात आहे, मिठाचा सत्याग्रह झाला. आणि १९४७ साली तो कर गेला. श्रीमंताला मीठ जितके लागते तितकेच मजुराला लागते, किंबहुना उन्हात राबणाऱ्याला अधिकच. जो कर माणसाची ऐपत न पाहता त्याची गरज पाहतो, तो रकमेने लहान असला तरी न्यायाने जड असतो.

गोखले केवळ करविरोधक असते तर येथेच विषय संपता. परंतु याच गृहस्थांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत मुलांचे शिक्षण सक्तीचे करता यावे, त्यासाठी त्यांना खास शिक्षणपट्टी बसविता यावी, खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने सोसावा, आणि महिना दहा रुपयांहून कमी प्राप्ती असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये, अशी ती योजना होती. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. एक कर उतरविण्यासाठी झटलेला माणूस दुसरा कर बसविण्यासाठी झटला, यात विसंगती नाही. पहिले ओझे न विचारता लादलेले होते. दुसरे गावाने आपल्या मुलांसाठी आपणहून उचलावयाचे होते. त्या फेटाळलेल्या पट्टीशी नाते सांगणारा शिक्षण कर १९६२ च्या कायद्यान्वये आज महाराष्ट्रातील नगरवासीयांच्या बिलात एका ओळीत येतो. आम्ही त्या ओळीकडे कपाळाला आठी घालून पाहतो.

आता वकीलसाहेबांचा प्रश्न. माझ्या घरात आज शाळेत जाणारे मूल नाही. पण एके काळी मीच ते मूल होतो. खेड्यातील अनुदानित हायस्कुलात मी शिकलो, फी ई. बी. सी. च्या सवलतीत माफ होती. माझ्या वडिलांनी जन्मात प्राप्तिकर भरला नाही, कारण तेवढी प्राप्तीच नव्हती. मग माझ्या शिक्षकांचे पगार कोणी दिले? मुंबईच्या कोणा व्यापाऱ्याने दिले असतील, काडेपेटी विकत घेणाऱ्या कोणा गिरणीकामगाराने दिले असतील. त्यांना मी ओळखत नाही आणि त्यांनी माझे नाव ऐकले नाही. तोच पैसा एखाद्या धनिकाने दिला असता, तर मी जन्मभर त्याच्या ओटीवर मान खाली घालून उभा राहिलो असतो. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. करात दोघांची गाठच पडत नाही, म्हणून दोघांचीही मान ताठ राहते. १९७५ साली महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेसाठी व्यवसाय कर बसविला. माझ्या पगारातून तो वर्षाला अडीच हजार रुपये कापला जातो. दुष्काळी मुलुखात खडी फोडणारी बाई आपली मजुरी हक्काने मागते, भीक म्हणून नव्हे. तिच्या त्या ताठ मानेला हातभार लावण्यास ही रक्कम मला महाग वाटत नाही.

यावर वकीलसाहेब म्हणतील, पैसा वाटेत मुरतो. खोती कायद्याने गेली, वृत्तीने गेली नाही. हे मला नाकारता येत नाही. परंतु ती वृत्ती केवळ कचेरीत नांदत नाही. गेल्या वर्षी मी घराचे काम काढले. सामान देणाऱ्याने विचारले, "पावती हवी की नको? नको असेल तर थोडे कमी पडेल." मी "नको" म्हणालो. चार पैसे वाचल्याचा आनंदही झाला. आज हे लिहिताना जाणवते की, त्या क्षणी सरकार आणि रयत यांच्यामध्ये मीच उभा राहिलो आणि दुसऱ्याचा वाटा माझ्या कणगीत टाकला. त्या वाट्याने कोणत्या खेड्यातील कोणाच्या शिक्षकाचा पगार व्हावयाचा होता, हे मला कधीच कळणार नाही.

हिशेब मागणे हा कर देणाराचा हक्क आहेच. तो न मागणारा समाज पुन्हा खोताच्या हाती जातो. पण हिशेब मागणाराने आपला हिशेब आधी चुकता करावयास हवा. ज्यांचे आपण देणे लागतो ते आपल्याला सापडत नाहीत, म्हणून ते देणे आपल्यामागून येणाऱ्यांना द्यावयाचे, यालाच मी ऋण म्हणतो. घरपट्टी मी भरली आहे. त्या सामानाची पावती मात्र उशिरा का होईना, मागावयास जाणार आहे. आणि वकीलसाहेबांना बरोबर नेणार आहे.